पोटखराबा वजा जाता

चौतीस वर्षे डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील जमिनी मोजण्यात घालवून, नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होऊन मी जेव्हा घरी बसलो, तेव्हा या जगात आपण मोजावयाचे असे काही शिल्लक राहिले असेल अशी मला यत्किंचितही शंका नव्हती. परंतु डॉक्टरांनी एके दिवशी माझ्या पोटाभोवती टेप फिरवून जो आकडा मोठ्याने वाचला, आणि तो ऐकताना त्यांच्या कंपाउंडरच्या मुद्रेवर जे समाधान पसरले, त्यावरून माझ्या खात्यावरचा एक सर्व्हे नंबर अद्याप मोजणीवाचून पडून आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानी आली. डॉक्टरांनी हुकूम फर्मावला, "वजन कमी करा." त्याच संध्याकाळी माझा भाचा घरी आला आणि म्हणाला, "मामा, वजन उचला." परस्परविरोधी दोन हुकूम हाती पडले असता मागाहून आलेला हुकूम अंमलात आणावा, हा सरकारी नोकरीतला जुना शिरस्ता असल्यामुळे मी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला डहाणू रोड स्टेशनच्या पलीकडे, पूर्वी चिकूच्या पेट्या ठेवण्याचे गोदाम असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, सुती सदरा आणि भाच्याची अर्धी विजार अशा वेषात रुजू झालो.

या व्यायामशाळेचे वर्णन करण्यासारखे फारसे काही नाही. समुद्राचा खारा वारा लोखंडाला मुळीच क्षमा करीत नाही, त्यामुळे तिथल्या बारवर गंजाची अशी खरखरीत साय धरलेली असते की हात घसरण्याची चिंता उरत नाही. आणि वैशाखात दमटपणा इतका वाढतो की तळहाताला लावावयाच्या खडूच्या पुडीचे परस्पर पिठले होते. मांगेल्यांची पोरे, एखादा इराणी बागाईतदार, स्टेशनकडचे गुजराती दुकानदार आणि आश्रमशाळेत शिकून नोकरीला लागलेले वारली तरुण असे सर्व तिथे एकाच आरशासमोर उभे राहतात, आणि त्या आरशात प्रत्येकाला फक्त स्वतःच दिसतो.

पॉवरलिफ्टिंग नावाच्या या क्रीडेत एकंदर तीनच कलमे आहेत. बार खांद्यांवर घेऊन, मांडीचा जांघेकडचा माथा गुडघ्याच्या माथ्याखाली जाईपर्यंत बसावे आणि उठावे, हा स्क्वॉट. बाकावर उताणे पडून बार छातीवर आणावा, तिथे निश्चल धरावा आणि पंचाचा हुकूम होताच वर ढकलावा, हा बेंच प्रेस. आणि जमिनीवरचा बार उचलून गुडघे व कंबर ताठ करून उभे राहावे, हा डेडलिफ्ट. प्रत्येक कलमाला तीन प्रयत्न, तीन पंच, त्यांचे पांढरे-तांबडे दिवे, आणि तिन्ही कलमांतल्या सर्वोत्तम आकड्यांची बेरीज म्हणजे टोटल. या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ साली स्थापन झाला, आणि त्याच्या नियमावलीत ५० ते ५९ वयाच्या इसमांसाठी 'मास्टर्स दोन' असा स्वतंत्र वर्ग मुकर्रर केलेला आहे, हे भाच्याने सांगितले तेव्हा मला भरून आले. चौतीस वर्षांच्या सेवेत मला मास्टर असे कोणी चुकूनही म्हटले नव्हते.

येथवर सर्व ठीक होते. अडचण उद्भवली ती पद्धतीच्या निवडीत. ईश्वरप्राप्तीच्या मार्गांबाबत आपल्या देशात जितके मतभेद झाले असतील त्याहून अधिक मतभेद बार उचलण्याच्या मार्गांबाबत जगात आहेत, आणि प्रत्येक मार्गाचा अनुयायी अन्य मार्गीयांकडे नरकवासी म्हणून पाहतो, हे मला पहिल्या आठवड्यातच कळले. भाच्याने मला प्रथम ज्या पंथाची दीक्षा दिली तो 'पाच गुणिले पाच'. आठवड्यातून तीन दिवस, पाच सेट, दर सेटला पाच रेप्स, आणि दर खेपेस बारवर अडीच किलोंची भर, इतका हा धर्म सुटसुटीत. मी जन्मभर आकडेमोड केलेला मनुष्य. पहिल्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हिशेब केला. खेपेला २.५, आठवड्याला ७.५, वर्षाच्या ५२ आठवड्यांना ३९०. रिकामा बार २० किलोंचा. तेव्हा पुढल्या चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरेल त्या वेळी मी ४१० किलो खांद्यांवर घेऊन उठबस करीत असलो पाहिजे. या मुलखातल्या जुन्या सावकारांच्या व्याजाच्या कथा मी पाड्यापाड्यांतून ऐकल्या आहेत. पण या अमेरिकन व्याजापुढे ते सावकार मला धर्मात्मे वाटू लागले. हा हिशेब मी भाच्यापुढे ठेवला, तेव्हा तो म्हणाला, "मामा, तसं नसतं. मधे कुठेतरी अडकतं."

ते सहाव्या आठवड्याअखेर ६५ किलोंवर अडकले. खाली बसावयास गेलो की माझी छाती गुडघ्यांकडे झुकत जाई, बार मानेकडे सरके, आणि नितंब मागे अशा दिशेने प्रयाण करीत की त्यांचा आणि माझा काही संबंध उरला आहे की नाही, हे आरशात पाहिल्यावाचून कळत नसे. शेडचा चालक मोठा सभ्य गृहस्थ, तो नुसते इतकेच म्हणाला, "काका, स्क्वॉट मारा. साष्टांग नमस्कार नंतर घाला."

मग भाच्याने रशिया गाठला. बोरिस शेइको या रशियन प्रशिक्षकाच्या पद्धतीत वजन कमाल ताकदीच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास घुटमळते, परंतु सेटमागून सेट, सेटमागून सेट अशी जी रांग लागते ती संपता संपत नाही. ही पद्धत मला तत्त्वतः फार जवळची वाटली, कारण कोणत्याही एका दिवशी कोणीही सर्वशक्तीने काम करावयाचे नाही आणि तरीही काम कधी हातावेगळे व्हावयाचे नाही, ही व्यवस्था मी कचेरीत हयातभर अनुभवली होती. भाचा या पद्धतीवर अक्षरशः फुगला. तो २४ वर्षांचा, सव्वापाच फुटांचा, आखूड मांड्यांचा आणि तोफेच्या गोळ्यासारख्या छातीचा. दिवसाकाठी तो किती सुके बोंबील खातो याची गणती माझ्या बहिणीने सोडून दिली आहे. माझे मात्र तिसऱ्या आठवड्यात कोपर असे धरले की देवळात घंटा वाजविण्यासाठी मला शेजारच्या माणसाला विनंती करावी लागे.

त्यानंतर ओहायो. त्या राज्यातल्या कोलंबस शहरी लुई सिमन्स नावाचा एक अवलिया होऊन गेला, २०२२ साली वारला. त्याच्या वेस्टसाइड बारबेल या तालमीत एक दिवस कमाल वजनाचा आणि एक दिवस हलके वजन विजेच्या वेगाने उचलण्याचा, अशी वाटणी असे, आणि बारच्या दोन्ही टोकांना लोखंडी साखळ्या लटकवीत. साखळी हा शब्द कानी पडताच माझ्यातला भूकरमापक गहिवरला. ज्या ३३ फुटी साखळीच्या चौरसाला गुंठा म्हणतात आणि ज्या ४० गुंठ्यांचा एकर होतो, ती साखळी मी उमेदवारीच्या दिवसांत ओढली आहे. तेव्हा पद्धत असावी तर हीच, असा कौल मी देऊन टाकला. या साखळीचे मर्म असे की बार खाली असताना तिची कडी जमिनीवर विसावलेली असतात आणि बार वर जाईल तसतशी ती एकेक करून अधांतरी होऊन ओझ्यात भर घालतात, म्हणजे खाली हलके आणि वर जड. भाच्याने डहाणूच्या खाडीत पावसाळ्यापुरती शाकारून ठेवलेल्या एका ओळखीच्या होडीच्या नांगराची साखळी आणली. तिला मासळीचा जो दर्प येत होता त्यामुळे दोन महिने त्या रॅकजवळ दुसरे कोणी फिरकले नाही, आणि व्यायामात एकांत मिळाला, हा या पद्धतीचा मला झालेला एकमेव लाभ म्हणावा लागेल. नारळी पौर्णिमा झाली, होडीवाला आपली साखळी मागावयास आला, आणि ओहायोचा पंथ नारळाबरोबर समुद्रार्पण झाला. (बल्गेरियात इव्हान अबाजिएव्ह नामक गुरू वेटलिफ्टिंगच्या शिष्यांकडून रोजच्या रोज कमाल वजन उचलवून घेत असत, हेही भाच्याने सुचवून पाहिले, परंतु ती दरखास्त आमच्या कुटुंबाने, "अहो, आधी गॅसचा सिलिंडर आत घ्या," एवढा शेरा मारून दप्तरदाखल केली.)

या सर्व खटाटोपात एक प्रश्न मात्र मला कोणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःसही विचारला नव्हता. रशियन गुरू काय म्हणतो, अमेरिकन गुरू काय म्हणतो, याची साद्यंत चौकशी झाली. ज्या देहावर हे सर्व प्रयोग व्हावयाचे तो कोणत्या जातीचा आहे, याची चौकशी कोणी केली नाही. आपले जुने लोक या बाबतीत अधिक व्यवहारी होते. सुश्रुताने व्यायाम आपल्या बळाच्या अर्ध्याइतकाच करावा असे सांगितले, आणि त्या मर्यादेच्या खुणाही शरीरावरच दाखवून ठेवल्या. वय, बळ, देश, काल आणि आहार पाहिल्यावाचून त्याने कोणाला आखाड्याकडे धाडले नाही. आमच्या आजोबांच्या पेटीत बडोद्याच्या मुजुमदारांनी संपादिलेल्या 'व्यायामज्ञानकोशा'चे दोन सुटे खंड होते. त्यांतली चित्रे पाहत मी लहानपणी पावसाळे काढले. आखाड्यातला उस्ताद पोर आत आले की आधी त्याला नुसते चालावयास लावी, आणि मग कोणाच्या हाती मुद्गल, कोणाच्या वाट्याला मल्लखांब, कोणाला नुसत्या बैठका, हे ठरवी. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलेला एकच कार्यक्रम त्याने साऱ्या गावाला वाटल्याचे ऐकिवात नाही.

आणि हे मला सुचू नये, याची मला अधिक लाज वाटली. घोलवड-बोर्डीच्या किनारपट्टीत जो चिकू पिकतो, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तोच चिकू तलासरीच्या डोंगरउतारावरील वरकस जमिनीत लावून बसणारा शेतकरी मी एकही पाहिला नाही. तिथला माणूस नागली आणि वरई पेरतो आणि जमिनीला दोष देत नाही. मी मात्र वरकस जमिनीत सहा महिने चिकू लावीत होतो. तेव्हा मी भाच्याला बोलावून सांगितले की उद्या सकाळी मोजणी आहे, हजर राहावे, आणि लगतचे खातेदार म्हणून तुझ्या मामीलाही नोटीस बजावण्यात आली आहे.

मोजणी रीतसर झाली. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, भाच्याने टेप धरला, कुटुंबाने भाजी निवडता निवडता आकडे लिहून घेतले. उंची १७५ सेंटिमीटर. मांडीचे हाड ४८, भाच्याचे ४०. धड आखूड, इतके की बसल्यावर आम्ही दोघे सारखेच उंच दिसतो. मग हात पसरून वाव मोजली. ज्यांना समुद्राचा शेजार नाही त्यांच्यासाठी सांगतो, की दोन्ही हात आडवे पसरले असता बोटांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे वाव. आमच्याकडे दोर आणि पाण्याची खोली वावांत मोजतात. माझी वाव १८७ भरली, म्हणजे उंचीपेक्षा १२ सेंटिमीटर जास्त. भाच्याची त्याच्या उंचीहून तीन कमी. बेंच प्रेसमध्ये माझा बार छातीपासून ४६ सेंटिमीटर प्रवास करतो आणि त्याचा २९. याचा अर्थ, त्याच्या दहा रेप्समध्ये जितके अंतर तुटते तितके माझ्या सव्वासहा रेप्समध्येच तुटते, आणि तरीही तो मला आळशी म्हणतो! हाताला वाव असल्यामुळे बेंचला वाव राहिला नाही, अशी नोंद मी शेरा-रकान्यात केली. शेवटी पोट. तिथे टेप धरताना भाचा घुटमळला, तेव्हा मीच त्याला धीर दिला, की सर्व्हे नंबरात लागवडीस नालायक असा जो खडकाळ किंवा ओढ्याखालचा भाग असतो त्याला आमच्या खात्यात पोटखराबा असेच म्हणतात. तो वजा जाता उरेल ते क्षेत्र लागवडीयोग्य.

नकाशा हाती आल्यावर मात्र सारे कोडे उलगडले. लांब मांडी आणि आखूड धड असलेल्या माणसाने पाय जवळ ठेवून स्क्वॉट मारला तर तोल सांभाळण्यासाठी त्याला पुढे झुकावेच लागते. तो आळस नव्हे, भूमिती आहे. उलट, ज्या लांब हातांनी बेंचवर माझा घात केला तेच हात डेडलिफ्टमध्ये बारपर्यंत लवकर पोहोचतात, म्हणजे कंबरेला कमी वाकावे लागते. रामाला आजानुबाहू म्हणतात ते कौतुकाने. त्याने शिवधनुष्य उचलले, ही गोष्ट मला आता पूर्वीइतकी अद्भुत वाटत नाही. लामार गँट नावाच्या अमेरिकन मल्लाने १९८५ साली ६० किलो वजनी गटात ३०० किलोंचा, म्हणजे स्वतःच्या पाचपट, डेडलिफ्ट केला. त्याच्या कण्याला वक्रता होती आणि हात विलक्षण लांब होते. कमरेवरचा मी आणि कमरेखालचा मी हे दोन निराळे मुलूख आहेत, हे मला त्या दिवशी पटले. १९६० साली उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. अच्छाडच्या नाक्यावर उभे राहिले तर डावीकडचे शेत आणि उजवीकडचे शेत यांत भाताच्या लोंबीला काही फरक कळत नाही, पण फेरफाराचा अर्ज कोणत्या कचेरीत करावयाचा हे मात्र ठाऊक असावे लागते.

आता पाय कोठे ठेवावे हा प्रश्न उरला, आणि त्यासाठी मी तलासरीस गेलो. हद्दकायम मोजणीच्या कामात जो वारली गडी वीस वर्षे माझ्याबरोबर साखळी धरीत आणि निशाणीचे दगड वाहत असे, तो कुर्झे धरणाच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहतो. त्याच्या अंगणात पावसाने उघडा पडलेला एक दगड होता, पन्नास-पंचावन्न किलोंचा असावा. मी त्याला म्हटले, पूर्वी उचलायचास तसा उचलून दाखव. तो दगडापाशी गेला, दगड दोन पायांच्या मधे येईल इतके पाय फाकवून उभा राहिला, चवडे बाहेरच्या अंगाला वळविले, तंबाखू थुंकला. मग खाली बसून त्याने बोटे दगडाखाली घातली; पण एकदम उचलला नाही. आधी एक कोपरा जरासा हलविला, मातीने धरलेला दगड सोडवून घेतला, हात पुन्हा नीट बसविले, आणि मग पाठ वाकू न देता, तोंडाने हूं की चूं न करता उभा राहिला. दगड नडग्यांना घासत मांडीपर्यंत आला तेव्हा त्याच्या मानेची एकच शीर तेवढी वर आली. जो प्रकार भाचा 'सुमो डेडलिफ्ट' म्हणून मोबाइलवर जपानकडे बोट दाखवून शिकवीत होता, तो मी वीस वर्षे छत्री उघडून, प्लेन टेबलाशेजारी उभा राहून, बांधाबांधावर पाहत आलो होतो, आणि इतक्या वर्षांत त्या गड्याला मी काय म्हणत आलो होतो, तर "अरे, लवकर आटप!"

पुढे एकदा तो बाजाराला डहाणूस आला, तेव्हा मी त्याला शेड दाखविली. बारवर ८० किलो चढविलेले होते. त्याने बार न्याहाळला, एक प्लेट बोटाने वाजविली आणि विचारले, "साहेब, कठं नेवाचा?" मी म्हटले, कुठेच नाही, उचलायचा आणि तिथेच ठेवायचा. याची मजुरी कोण देतो, असा त्याचा पुढला सवाल होता. मीच दरमहा सहाशे रुपये देतो, असे मला कबूल करावे लागले. ज्या मुलखात १९४५ साली ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून वारल्यांनी किसान सभेच्या लाल बावट्याखाली संप केला, ज्याच्या आज्याने त्या संपात विळा खाली ठेवला, त्या माणसाने माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिले की मी नकळत पाकीट खिशात खोल सरकविले. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. माझी तिन्ही कलमांची टोटल त्या दिवशी १९५ होती.

त्यानंतर मी पाय फाकवून ठेवू लागलो, स्क्वॉटलाही आणि डेडलिफ्टलाही, आणि साष्टांग नमस्कार हळूहळू साध्या अभिवादनावर आला. पद्धत म्हणाल तर जिम वेंडलर या अमेरिकनाने २००९ साली प्रसिद्ध केलेली घेतली आहे, कारण तिच्यात आपली जी कमाल ताकद असेल तिचे नव्वद टक्केच खरे धरून पुढचा सारा हिशेब करावयाचा असतो आणि वजन महिन्यातून एकदाच, तेही चिमूटभर वाढते. ज्याने आयुष्यभर उत्पन्नाचा दाखला काढताना आकडा थोडा हात राखून लिहिलेला पाहिला त्याला ही वृत्ती परकी वाटत नाही. बेंच मी वरकसात टाकला आहे. जे पिकेल ते पिकेल. सेट किती जड गेला याचा दहापैकी आकडा स्वतःच सांगण्याची एक आधुनिक रीत आहे, आठ म्हणजे आणखी दोन रेप्स अंगात शिल्लक होत्या. हे स्वयंघोषणापत्र मी इमानाने भरतो, परंतु भाचा त्यावर विश्वास ठेवीत नाही आणि स्थळपाहणीसाठी स्वतः येऊन उभा राहतो.

गेल्या रविवारी त्याने शेडमध्ये तालमीपुरती स्पर्धा भरविली आणि पंचाची वस्त्रे स्वतःकडे घेतली. माझा तिसरा डेडलिफ्ट १०० किलोंचा होता. मी पाय फाकविले, चवडे वळविले, तंबाखू खात नसल्यामुळे नुसताच थुंकलो, बार किंचित हलवून जागा केला आणि उचलला. तो नडग्यांना घासत गुडघ्यांवर आला, गुडघ्यांवरून मांडीवर आला, आणि मी ताठ उभा राहिलो. नियम असा की पंचाने 'डाऊन' असा हुकूम दिल्याशिवाय बार खाली आणावयाचा नाही. आणला तर तांबडा दिवा. भाच्याने हात वर केला, तोंड उघडले, आणि तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. बोर्डीच्या एका मुलीचे स्थळ त्याला सांगून आले आहे. तिच्या वडिलांचा फोन असावा, कारण तो एकदम 'हो काका, हो काका' करीत दाराकडे गेला, आणि बागेत झाडे किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते का, असा तपशील चालू झाला. शेडमधली बाकीची पोरे माझ्याकडे पाहत होती. बोटे सैल होऊ लागली होती, कपाळावरचा घाम नाकावर उतरला होता, आणि सुश्रुताने सांगितलेली अर्ध्या बळाची मर्यादा केव्हाच मागे पडली होती. पण चौतीस वर्षांत वरिष्ठांच्या लेखी वा तोंडी हुकमाविना मी हातची वस्तू खाली ठेवलेली नाही. दाराबाहेरून भाच्याचा आवाज येत होता, "नाही काका, अगदी निवांत आहे. मामाच आहेत समोर, बोला तुम्ही."